मैनानं वडिलांना काय सांगितलं

मैनासुंदरीची गोष्ट आपल्यात कोणी पहिल्यांदा अशी ऐकतच नाही. कळायला लागलं तेव्हापासून ती माहीतच असते, घरातली पितळी परात माहीत असते तशी. कार्तिक, फाल्गुन आणि आषाढात अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत अष्टान्हिका येते, मंदिरात सिद्धचक्र विधान लागतं. मग पंडितजी कुठलेही असोत, सागरचे असोत की जबलपूरचे, एका दुपारी ते मैनावर येतातच. बायकांच्या बाजूची कुजबुज तेवढ्यापुरती थांबते. तांदूळ निवडणारे हातसुद्धा थांबतात.

आमचा पांढुर्णा-सौसरचा पट्टा सीमेवरचा. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची नवी आखणी झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. आता २०२३ पासून पांढुर्णा स्वतःच जिल्हा झालाय आणि सौसर त्यातली तहसील. पण घरातली भाषा काही नकाशा विचारत नाही. आमच्याकडे शास्त्र हिंदीत वाचतात, पूजा हिंदीत म्हणतात, आणि गोष्ट सांगायची वेळ आली की मराठीवर येतात. माझी आजी मूळ बुंदेलखंडाकडच्या घरातली, लग्न होऊन छोट्या लाइनीच्या गाडीनं सौसरला उतरलेली. तिचे पहुपाल महाराज हिंदी बोलायचे आणि मैना मराठी. त्यामुळे बापलेकीचं भांडण आम्हाला लहानपणी फार खरं वाटायचं. राजा दरबारी भाषेत गरजायचा आणि पोरगी आमच्यासारखं बोलायची.

ज्यांच्या घरी ही गोष्ट सांगणारं आता कोणी उरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उज्जैनच्या राजाला दोन मुली, सुरसुंदरी आणि मैनासुंदरी. दोघी शिकल्या-सवरल्या. आपल्याकडच्या कथेत धाकटी आर्यिका माताजींजवळ शिकली. वयात आल्यावर राजानं विचारलं, तुम्हाला कसा वर पाहिजे, सांगा. थोरलीनं कौशांबीच्या राजकुमाराचं नाव घेतलं. मैना गप्प. फारच आग्रह झाला तेव्हा ती म्हणाली की वर मागणं मला शोभत नाही, तुम्ही द्याल तो माझा. पुढचं सुख-दुःख मात्र तुमच्या हातात नाही, ते ज्याच्या त्याच्या कर्माचं. राजा चिडला. माझं खाते, माझं नेसते, आणि नाव कर्माचं घेते? रागारागात त्यानं तिचं लग्न एका कुष्ठी माणसाशी लावून दिलं. सातशे कुष्ठरोग्यांबरोबर रानात राहणारा हा माणूस म्हणजे चंपापुरीचा राजा श्रीपाल. आपल्या रोगाचा प्रजेला त्रास नको म्हणून काकाच्या हाती राज्य देऊन तो बाहेर पडला होता. मैनानं सिद्धचक्राची पूजा केली, गंधोदक शिंपडलं, आणि तो बरा झाला. एकटा तो नाही, सातशेच्या सातशे.

गोष्टीचा इथवरचा भाग सगळे सांगतात. आणि इथवर सांगून झालं की नव्या नवरीकडे बघून म्हणतात, बघ, अशी असावी.

मला नेहमी वाटत आलंय की या 'अशी असावी'मध्ये मैनाची निम्मी गोष्ट गिळली जाते. नवऱ्याची सेवा करणारी मैना सगळ्यांच्या लक्षात आहे. भरदरबारात बापाला उत्तर देणारी मैना आपण घाईघाईत ओलांडतो. खरं तर गोष्टीचा सगळा गाडा त्या उत्तरावर चालतो. ती 'हो बाबा, तुमच्या कृपेनं' म्हणाली असती तर पुढे काहीच घडलं नसतं. ना सिद्धचक्र, ना श्रीपाल.

श्वेतांबर भाऊबंदांच्या कथेत तर हा दरबार आणखी रंगतो. तिथं तिचं नाव मयणासुंदरी आणि राजाचं प्रजापाल. राजा मुलींची परीक्षा घेतो, पुण्यानं काय मिळतं ते सांगा म्हणतो. थोरली धन, तारुण्य, मनासारखा नवरा अशी यादी देते. मयणा विनय, विवेक, शील, प्रसन्न मन आणि शेवटी मोक्षाचा मार्ग मोजते. मग खरा प्रश्न येतो, तुमचं सुख कोणाच्या मेहेरबानीनं? त्या कुष्ठी वराचं नाव तिकडे उंबर राणा. खेचरावर बसून तो येतो आणि स्वतःच राजाला म्हणतो की कावळ्याच्या गळ्यात मोत्यांची माळ कशाला घालता. लग्नानंतर तो तिलाही समजावतो, अजून वेळ आहे, जा. ती जात नाही. मला हा उंबर राणा फार आवडतो. सगळ्या दरबारात त्या मुलीला 'तुझी मर्जी काय' असं विचारणारा तो एकटाच.

आता ही गोष्ट किती जुनी, ते बघू. कारण 'अनादि काळापासून' असं म्हणून आपण फार लवकर सुटका करून घेतो. श्वेतांबर परंपरेत रत्नशेखरसूरींनी विक्रम संवत १४२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १३७१-७२ च्या सुमारास, प्राकृतात 'सिरिवालकहा' रचली. पुढे संवत १७३८ मध्ये सुरतेजवळच्या रांदेरला विनयविजयजींनी गुजरातीत श्रीपाल रास लिहायला घेतला. तो पुरा व्हायच्या आधीच त्यांचा काळ झाला आणि यशोविजयजींनी तो पूर्ण केला. चैत्र आणि आश्विनातल्या आयंबिल ओळीत आजही नऊ दिवस तोच वाचतात. आपल्या दिगंबर बाजूला पंधराव्या शतकात भट्टारक सकलकीर्तींनी संस्कृतात श्रीपालचरित्र केलं. त्याच शतकात तोमर राजांच्या ग्वाल्हेरात बसून रइधू कवीनं ही कथा अपभ्रंशात सांगितली. नरसेन नावाच्या कवीचीही अपभ्रंशातली कथा आहे, ती भारतीय ज्ञानपीठानं छापली आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी, अकबराच्या काळात, आग्र्याला परिमल्ल कवीनं ती हिंदी पद्यात आणली. त्या पद्यावरून नरसिंहपूरच्या दीपचंद वर्णींनी सरळ हिंदी गद्य केलं आणि ते सुरतेला छापलं गेलं. नरसिंहपूर म्हणजे आमच्या छिंदवाड्याच्या शेजारचंच. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत बायकांनी जे 'श्रीपाल चरित्र' बोट ठेवून वाचलं ते हेच.

प्राकृत, संस्कृत, अपभ्रंश, गुजराती, हिंदी. कुठली भाषा पंडितांची, कुठली बाजारातली. जो तो आपल्या लोकांना कळेल अशा भाषेत सांगत गेला. आजीनं तिची मराठी केली ती या रांगेत बसते असं मला म्हणायचंय. तिनं लिहून ठेवली नाही, एवढाच फरक.

सांगणारा बदलला की गोष्टीचं वजनही इकडून तिकडे सरकतं. ग्रंथांची नावं बघा, बहुतेक सगळी श्रीपालाची. श्रीपालचरित्र, श्रीपाल रास, श्रीपालकथा. आणि खरंच, पानं मोजली तर निम्म्याहून जास्त ग्रंथ त्याच्या प्रवासाचा आहे. सासऱ्याच्या जिवावर राहिलो असं लोकांनी म्हणू नये म्हणून तो बारा वर्षं परदेशी जातो. धवल शेठची अडकलेली जहाजं सोडवतो, जागोजागी राजकन्या वरतो. शेठ त्याला समुद्रात ढकलतो तरी हा तरून निघतो. श्वेतांबर कथेत तो कोकण किनाऱ्याला ठाण्याला लागतो आणि तिथला राजा वसुपाल त्याला मुलगी देतो. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरचं जैन मंदिर या आठवणीशी जोडलेलं आहे, तिथल्या भिंतींवर ही कथा चित्रांत बघायला मिळते. या सगळ्या वेळात मैना कुठं? उज्जैनला, सासूजवळ. बारा वर्षं. ग्रंथात त्या बारा वर्षांना चार ओळी मिळतात.

पण बायका गोष्टीला नाव कोणाचं देतात? मैनासुंदरीचं. 'आज श्रीपालाची कथा आहे' असं आमच्याकडे मी कोणा बाईच्या तोंडून ऐकलेलं नाही. गेल्या शतकात हिसारच्या न्यामतसिंहांनी या कथेचं नाटक केलं तेव्हा त्यांनीही नाव 'मैनासुंदरी' ठेवलं. नाटकवाल्याला प्रेक्षक कळतो! व्हिटनी केल्टिंग नावाच्या एका अमेरिकन बाईंनी पुण्याच्या जैन बायकांमध्ये राहून, त्यांची स्तवनं ऐकून, उपवासाला त्यांच्या बरोबर बसून अभ्यास केला. जैन पत्नींच्या व्रतांवर आणि कथांवर २००९ साली त्यांचं पुस्तक निघालं, त्यात मयणासुंदरीला मोठी जागा आहे. शेठ-सावकारांच्या घरातल्या बायका उपवासाच्या दिवशी काय बोलतात ते कोणीतरी लिहून ठेवलं, हे मला बरं वाटलं.

आता एक गंमत सांगते. ही गोष्ट आपल्यापुरती नाही. श्रावणात शेजारच्या ब्राह्मण काकू कहाण्यांचं पुस्तक वाचायच्या, त्यात वर्णसठीची कहाणी आहे. आटपाट नगरातला ब्राह्मण सात मुलींना विचारतो, तुम्ही कोणाच्या नशिबाच्या? सहा जणी त्याच्या नशिबाच्या, सातवी आपल्या स्वतःच्या. मग तिचं लग्न व्याधीनं हातपाय झडत चाललेल्या भिकाऱ्याशी! तिथं सिद्धचक्राऐवजी शंकर-पार्वती आणि वसा. काकू वाचत असताना मी मध्येच ओरडले होते, ही तर आमची मैना. काकू म्हणाल्या, तुमची कशी, ही आमची आहे. लोककथांचा अभ्यास करणाऱ्यांनी जगभरच्या कथांना नंबर दिलेत, त्यात 'स्वतःच्या नशिबाला स्वतः जबाबदार असलेली राजकन्या' असा एक वेगळा नंबरच आहे. तिला अगदी चिकटून बसते ती बापावर मिठाइतकं प्रेम करते म्हणणारी मुलगी. बी.ए.ला 'किंग लिअर' होतं, त्यातली कॉर्डेलिया याच घराण्यातली. पण शेक्सपिअरनं बिचारीला मारून टाकलं. आपल्या कवींनी ते केलं नाही. आपली मुलगी जिंकते, आणि बापाला ते डोळ्यांनी बघावं लागतं.

आणि आमच्या गावात नदीतही एक गोष्ट आहेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे लोक जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, मध्ये पळसाचं झाड आणि झेंडा. गोटमार. त्यामागची कथा सांगतात ती अशी की पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जात होते, नदीत असताना दोन्हीकडून दगड आले आणि दोघं तिथंच मेली. दरवर्षी माणसं जखमी होतात, जीवही गेलेत. त्या दिवशी आमच्या घरात दारं लावून णमोकार म्हणत बसायची पद्धत. पण मला त्या मुलीचा विचार येतो. तिचं नाव मला कोणी सांगितलं नाही. ती काय बोलली तेही कोणी सांगत नाही. मैनाला निदान बोलता आलं, आणि तिचे शब्द सहाशे वर्षं कोणी ना कोणी लिहून ठेवत आलं.

तर, ती काय बोलली. कर्म. हा एकच शब्द. आपल्या घरांत या शब्दाचा उपयोग कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मूल झालं नाही, कर्म. नवरा लवकर गेला, कर्म. सासू छळते, पूर्वभवाचं देणं आहे, फेड. हा शब्द पातेल्यावर झाकण ठेवावं तसा बाईच्या तोंडावर ठेवतात. मैनाच्या तोंडी मात्र तोच शब्द नेमका उलटा आहे. ती राजाला सांगते, तू माझा मालक नाहीस. अन्न तू दिलंस, ते उपकार आहेत; पण माझं बरं-वाईट तुझ्या मर्जीवर लटकलेलं नाही. तिच्या कर्म-सिद्धांतात ती स्वतः करणारी आहे. नुसती भोगणारी नाही. सिद्धांत एकच, पण तो कोण कोणाला सांगतंय यावर त्याचा अर्थ ठरतो. बापानं मुलीला सांगितलं की ती बेडी होते. मुलीनं बापाला सांगितलं की ती सुटते.

माझ्या माहेरच्या नात्यातली एक आत्या होती. तिचं लग्न चांगल्या खात्यापित्या घरी झालं. लग्नानंतर आठवड्यात नवऱ्याला मिरगीचा झटका आला आणि तेव्हा कळलं की हे लहानपणापासून आहे, आणि त्या घरानं ते लपवलं. ती माहेरी आली. घरात मोठी बैठक बसली. कोणीतरी वडीलधाऱ्यांनी तिला मैनासुंदरीची गोष्ट सांगितली, सगळी, गंधोदकापर्यंत. आत्या ऐकत होती. तिला ती गोष्ट त्यांच्यापेक्षा जास्त पाठ होती. संपल्यावर तिनं विचारलं, "मैनाच्या नवऱ्याचा रोग कोणी लपवला होता का?"

बैठकीत कोणी बोललं नाही. तिच्या मागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या, म्हणून ती परत गेली. नवरा तसा बरा माणूस होता, तिनंच त्याला नागपूरला नेऊन औषध सुरू केलं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मी ही गोष्ट जिथं जिथं ऐकली तिथं शोधलंय, आणि उत्तर साफ आहे. नाही. कुठल्याच कथेत कोणी काही लपवलेलं नाही. राजा सगळ्यांसमोर सांगतो, प्रधान विनवण्या करतात, आई रडते, वर स्वतः 'नको' म्हणतो. मैना डोळे उघडे ठेवून जाते. फसवून दिलेल्या मुलीला तिचं उदाहरण देणं हा मैनावरही अन्याय आहे.

रोगाचं म्हणाल तर काळ बदलला. आमच्याकडून वर्धा, वरोरा काही फार दूर नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली, त्यातून आनंदवन उभं राहिलं. साधनाताईंचं 'समिधा' वाचताना मला सारखी मैना आठवत होती. त्याही नागपूरच्या कर्मठ घरातून निघाल्या, घरच्यांना न रुचणारं लग्न करून, आणि रोग्यांमध्ये जाऊन राहिल्या. तेही डोळे उघडे ठेवून. पुढे १९८३ पासून आपल्या देशात बहुऔषधी उपचार आले आणि हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होऊ लागला. कायद्याला मात्र ते उशिरा कळलं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्या जैनांनाही लागतो. त्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत लिहिलेलं होतं. विवाहाला आड येणाऱ्या कारणांतून मिरगीचं नाव १९९९ मध्ये निघालं. आत्या ते बघायला नव्हती.

विधानाला बसणाऱ्यांना माहीत आहे, संतलाल कवींच्या सिद्धचक्र विधानात पहिल्या दिवशी आठ अर्घ्य, दुसऱ्या दिवशी सोळा, मग बत्तीस, असं दुप्पट होत आठव्या दिवशी १०२४ होतात. सगळे मिळून २०४०. शेवटच्या दिवशी पाठ भरून येते. मागच्या फाल्गुनात आमच्याकडे विधान झालं तेव्हा माझ्या शेजारी एक नवी सून बसली होती, फार्मसी झालेली, इंदूरला नोकरी करणारी. मधल्या वेळात तिनं मला हळूच विचारलं, काकू, शेवटी मैनाचं काय झालं?

चांगला प्रश्न होता. कारण शेवट फारसा कोणी सांगत नाही. बारा वर्षं संपत आली तेव्हा मैनानं सासूला सांगून ठेवलं, ठरलेल्या अष्टमीला ते आले नाहीत तर मी दीक्षा घेणार. जाताना नवऱ्यालाही तिनं हेच बजावलं होतं. वाट बघेन, पण मुदतीनं. श्रीपाल त्याच रात्री पोचला आणि दाराबाहेर उभा राहून त्यानं हे बोलणं ऐकलं. मग त्यानं तिला विचारलं, आता मी मोठं सैन्य घेऊन आलोय, तुझ्या वडिलांना कसं बोलावू? आणि आपली गुणी, सहनशील, नवऱ्याची सेवा करणारी मैना म्हणाली, खांद्यावर कुऱ्हाड घेऊन, पायी. राजा तसा आला. आला तेव्हा तिनं त्याला ओळख दिली, पाया पडली आणि म्हणाली, बघा, कर्म.

इथं आजी थांबायची आणि पानाचा डबा उघडायची. तिचा चेहरा मला आठवतो, ती खूश असायची. कुऱ्हाडीचा भाग ती कधीच सोडायची नाही, बाकी समुद्र-जहाजं पार गाळून टाकायची.

नंतर श्रीपालानं राज्य केलं, म्हातारपणी दीक्षा घेतली आणि मोक्षाला गेला. मैना आर्यिका झाली आणि स्वर्गात गेली. आपल्या आम्नायात स्त्रीच्या देहातून मोक्ष नाही, म्हणून तिला आणखी एक भव. श्वेतांबरांच्या कथेत हा फरक नाही, तिथं श्रीपाल, त्याची आई आणि मयणासह नवही राण्या एकाच स्वर्गात जातात आणि नवव्या भवात सगळ्यांनाच मोक्ष. मी त्या मुलीला दोन्ही शेवट सांगितले. ती थोडा वेळ हातातल्या थाळीतले तांदूळ सारखे करत बसली. मग म्हणाली, म्हणजे रोग हिनं बरा केला, आणि पहिले ते गेले?

तेवढ्यात पुढच्या अर्घ्याची घंटा झाली. आम्ही उठलो.